दुरुस्ती-पुस्तिका : संहिता, माप आणि वाचक
(घोटी परिसरातील जुन्या पिकअप गाड्यांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी व नाटक यांचा जेवढा विचार केला, तेवढा उपयोजित गद्याचा केला नाही. शासकीय परिपत्रक, औषधाच्या वेष्टनातील सूचनापत्र, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, यंत्रासोबत येणारी पुस्तिका या साऱ्या लेखनाला वाचक असतो आणि त्या वाचकाचे हित-अहित मजकुराच्या नेमकेपणावर अवलंबून असते. ललित कृतीतील एखादा शब्द सैल पडला तर रसभंग होतो. दुरुस्ती-पुस्तिकेतील एखादा शब्द वा आकडा सैल पडला तर घाटात ब्रेक लागत नाही. त्यामुळे अशा संहितेची चिकित्सा करणे हे समीक्षेचे गौण काम मानता येणार नाही.

प्रस्तुत लेखात जुन्या पिकअप गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका आणि त्यांतील यांत्रिक तपशिलांचे तक्ते यांचा एक लेखनप्रकार म्हणून विचार केला आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव या विवेचनाची पार्श्वभूमी आहे. पुस्तिका कोणासाठी लिहिली जाते, ती काय सांगते, काय सांगत नाही आणि मराठी कारागिरापर्यंत ती कोणत्या रूपात पोहोचते, हे प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

१. घोटी आणि पिकअप गाडी

घोटी हे मुंबई–आग्रा महामार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. येथून सिन्नरकडे एक रस्ता फुटतो, तर दुसरा भंडारदऱ्याकडे जातो. भाताच्या गिरण्या ही गावाची जुनी ओळख. परिसरात पावसाळ्यात सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो. पश्चिमेला इगतपुरी ओलांडली की कसारा घाटाचा उतार लागतो. तांदूळ, भाजीपाला, दूध, खते व बांधकाम-साहित्य यांची ने-आण करणारी पिकअप गाडी या भूगोलात चिखल, पाणी, चढ आणि उतार या चारही परीक्षांना एकाच दिवसात सामोरी जाते.

या गाडीचे कुळही दूरचे नाही. इगतपुरीत महिंद्राचा इंजिन-कारखाना आहे. नाशिकमध्ये त्याच कंपनीचा वाहन-कारखाना आहे. डिझेल इंजिनाची नोझले व इंजेक्टर बनविणारा ‘मायको’चा कारखानाही नाशिकचाच. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी मायको हेच नाव रुळलेले आहे. म्हणजे गाडीचे अवयव जेथे घडतात आणि ती जेथे झिजते ती ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत. असे असूनही ती दुरुस्त कशी करावी हे सांगणारी संहिता मात्र या परिसराच्या भाषेत क्वचितच बोलते. हा विरोधाभास प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

२. पुस्तिकेचे प्रकार आणि अभिप्रेत वाचक

वाहनासंबंधीच्या पुस्तिका साधारणतः तीन प्रकारच्या असतात. पहिली मालकासाठीची पुस्तिका, दुसरी कार्यशाळेसाठीची दुरुस्ती-पुस्तिका आणि तिसरी सुट्या भागांची सूची. तिन्हींचा अभिप्रेत वाचक वेगळा आहे. मालकाच्या पुस्तिकेत तेलाची पातळी, टायरमधील हवा, सर्व्हिसिंगचे अंतर इतकेच येते. दुरुस्ती-पुस्तिकेत खोलण्या-जोडण्याचा क्रम, मापे, झिजेची मर्यादा व आवळण्याचे बल असते. सुट्या भागांच्या सूचीत वाक्येच नसतात. सुटे-सुटे करून मांडलेले चित्र आणि त्यासमोरचा क्रमांक, एवढीच तिची भाषा.

ज्ञानाच्या या विभागणीला इतिहास आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. या जीपच्या युद्धकालीन आवृत्तीसाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने १९४४ मध्ये ‘टीएम ९-८०३’ ही तांत्रिक पुस्तिका काढली होती. तिचा पहिला भाग गाडी चालविणाऱ्यासाठी आणि दुसरा देखभाल करणाऱ्यासाठी होता. इंजिन व अन्य यंत्रणांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणखी स्वतंत्र पुस्तिका होत्या. त्या काळच्या सैन्यात देखभालीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. कोणत्या पायरीवरील माणसाने कोणता नट खोलावा आणि कोठे थांबावे हे नियमाने निश्चित असे. लष्करात ही विभागणी योग्यच होती, कारण चालकाच्या मागे तुकडीचा मेकॅनिक आणि त्याच्या मागे आगार उभे होते.

नागरी वाहनांच्या पुस्तिकांतही हीच रचना दिसते, परंतु तिच्यामागील व्यवस्था सर्वत्र नसते. घोटीसारख्या गावात चालक, मालक आणि पहिल्या पायरीचा मेकॅनिक हा अनेकदा एकच माणूस असतो. अधिकृत सेवाकेंद्राकडे न्यावे, हे मालकाच्या पुस्तिकेतील नेहमीचे वाक्य त्याच्या दृष्टीने मार्गदर्शन नसून मार्गदर्शनाचा शेवट आहे. जुन्या गाडीची हमी कधीच संपलेली असते. शेतमाल हौद्यात भरलेला असतो. अशा वाचकाची कल्पना पुस्तिकेच्या लेखकाने केलेलीच नसते. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर संहितेतील अभिप्रेत वाचक आणि तिचा प्रत्यक्ष वाचक यांच्यात येथे मोठे अंतर पडलेले आहे.

३. तपशील-तक्ता : आकड्यांचे वाचन

दुरुस्ती-पुस्तिकेचा सर्वांत सशक्त भाग म्हणजे यांत्रिक तपशिलांचा तक्ता. त्यात विशेषणे नाहीत, आर्जव नाही आणि जाहिरातही नाही. मात्र हा तक्ता वाचण्यासाठी आकड्यांचा इतिहास माहीत असावा लागतो. याची दोन उदाहरणे घेता येतील.

महिंद्राच्या जुन्या पिकअप व युटिलिटी गाड्यांत वापरल्या गेलेल्या डीआय डिझेल इंजिनाचे घनफळ २५२३ घन सें.मी. आहे. सिलिंडरचा आतील व्यास ८८.९ मि.मी. आणि दट्ट्याची धाव १०१.६ मि.मी. हे आकडे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. इतकी अपूर्णांकी मापे कोणी का ठरवील? उत्तर सोपे आहे. ८८.९ मि.मी. म्हणजे साडेतीन इंच आणि १०१.६ मि.मी. म्हणजे बरोबर चार इंच. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्यासमवेत ट्रॅक्टर-निर्मितीची कंपनी स्थापन केली. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनाची धावही चार इंचच होती आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-४१४ या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचे माप साडेतीन इंच बाय चार इंच होते. म्हणजे तक्त्यातील मिलिमीटर हे केवळ लिप्यंतर आहे, मूळ विचार इंचाचा आहे.

याउलट टाटांच्या ४०७ या १९८६ च्या हलक्या ट्रकमधील ४९७ मालिकेचे इंजिन पाहावे. व्यास ९७ मि.मी., धाव १०० मि.मी., घनफळ २९५६ घन सें.मी. हे इंजिन मूळचेच मेट्रिक आहे. त्याच्या नावातील ४ हा सिलिंडरांची संख्या आणि ९७ हा व्यास सांगतो. महिंद्राने १९७९ मध्ये परवाना घेतलेले प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे २११२ घन सें.मी.चे इंजिनही असेच स्वतःचा परिचय देते. चार सिलिंडर, ९० मि.मी. व्यास. जो नाव वाचू शकतो त्याला तक्त्याची पहिली ओळ पाठ करावी लागत नाही.

हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली, परंतु यंत्रातील आटे कायद्याने बदलत नाहीत. इंची कुळातील गाडीत ५/१६ इंचाचा बोल्ट असेल तर त्याची जाडी ७.९४ मि.मी. भरते. ८ मि.मी.चा मेट्रिक बोल्ट दिसायला त्याच्यासारखाच असतो. मात्र बारीक आट्यांच्या ५/१६ बोल्टला इंचामागे २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे १.०६ मि.मी. असते. ८ मि.मी.च्या सर्वसाधारण मेट्रिक बोल्टमध्ये हेच अंतर १.२५ मि.मी. असते. पहिले एकदोन फेरे हाताने बसतात. पुढे पान्याचा जोर लावला की आटे जातात. पान्यांचेही तसेच आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी., म्हणून तेथे १९ चा पाना बहुधा निभावून नेतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि घट्ट नटाचे कोपरे गोल करतो. अनेक जुन्या गाड्या वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीत इंची आणि मेट्रिक अशा मिश्र झालेल्या असतात. तक्त्याशेजारी ‘ही गाडी कोणत्या मापकुळातील आहे’ एवढे एक वाक्य असते तर अनेक आटे वाचले असते.

आवळण्याच्या बलाबाबत एककाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जुन्या पुस्तिकांत फूट-पौंड, नंतरच्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर आणि अलीकडे न्यूटन-मीटर अशी एकके येतात. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर आणि सुमारे ७२ फूट-पौंड. ७२ हा आकडा न्यूटन-मीटर समजून बोल्ट आवळला तर तो अपेक्षेच्या सुमारे तीन-चतुर्थांश बलानेच बसेल. ९८ हा आकडा फूट-पौंड समजला तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जादा बल पडेल. पहिल्या चुकीत हेड गॅस्केट फुंकते, दुसऱ्या चुकीत बोल्ट ताणला जातो किंवा ब्लॉकमधील आटे उपटतात. आकडा बरोबर छापूनही एकक लहान अक्षरांत स्तंभाच्या डोक्यावर टाकणारी पुस्तिका ही मांडणीच्या दृष्टीने सदोष संहिता होय.

४. परिभाषेचा प्रश्न

मराठीत यंत्रविषयक परिभाषा नाही, असे म्हणता येणार नाही. मराठी विश्वकोशाने दट्ट्या, झडप, दंतचक्र, धारवा, वंगण असे शब्द वापरले. ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ ही संज्ञाही तेथलीच. भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीचे परिभाषा कोश सिद्ध केले. या कार्याचे मोल वादातीत आहे. संकल्पना समजावून सांगताना हे शब्द अर्थवाही ठरतात.

परंतु गॅरेजची मराठी वेगळी आहे. तेथे पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर व बेअरिंग हेच शब्द चालतात आणि त्यांच्या सोबतीला पाटे, आटे, पाना, हौदा, सूत असे अस्सल शब्द येतात. इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणणारी भाषा मापाच्या बाबतीत दरिद्री नाही. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात ते वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाचा व्यवसाय सुरू झाला होता. इंग्रजी पुस्तिकांतून हा शब्द केव्हाच गेला. घोटीच्या गॅरेजात तो जिवंत आहे. कारागिराची भाषा परक्या शब्दांना सहज आपलेसे करते, हे यावरून दिसते.

मराठी भाषांतरित पुस्तिकेची अडचण अशी की ती बहुधा या दोहोंपैकी कोणतीही भाषा नीट स्वीकारत नाही. कोशातील शब्द घेतला तर कारागीर अडखळतो. इंग्रजी शब्द घेतला तर वाक्यरचनाही इंग्रजीच येते आणि कर्ता, क्रम व अट यांचा गोंधळ उडतो. ‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘व्यवस्थित’ ही क्रियाविशेषणे तर दुरुस्ती-पुस्तिकेत निषिद्धच मानली पाहिजेत. योग्य म्हणजे किती, हे सांगण्यासाठीच पुस्तिका असते. ते न सांगता योग्य करण्याचा उपदेश करणे म्हणजे जबाबदारी वाचकावर ढकलणे होय. या निकषावर गॅरेजमधील तोंडी मराठी अनेकदा छापील मराठीहून नेमकी ठरते.

५. मौखिक परंपरा : सामर्थ्य आणि मर्यादा

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीचे निदान कान, नाक, डोळा व हात यांनी करता येते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरात शिरणारे पाणी. हे ज्ञान उस्तादाकडून शिष्याकडे तोंडी जाते. चार सिलिंडरच्या इंजिनांत सर्रास आढळणारा १-३-४-२ हा ज्वलनक्रम पुस्तक न उघडता सांगणारे कारागीर ठिकठिकाणी भेटतात. क्रँकच्या बेअरिंगचा ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ असा उल्लेख होतो, तेव्हा इंचाचे दहा, वीस, तीस हजारांश अभिप्रेत असतात. छापील ०.०२० इंच ‘वीस’मध्ये सामावतो. स्मरणसुलभता हे मौखिक परंपरेचे लक्षण येथेही प्रत्ययास येते.

तथापि मौखिक परंपरेचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. तिच्यात कृती टिकते, कारण गळते. मापही टिकते, पण मर्यादा गळते. ब्रेक ऑइलचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रमाणाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक ओलावा शोषल्यावर तो किमान १४० अंश असला तरी प्रमाणात बसतो. घोटीच्या पावसाळी हवेत राहिलेली आणि कसारा घाटात भरल्या हौद्याने उतरणारी गाडी सतत ब्रेक मारत राहिली तर चाकाजवळील द्रव तापतो. त्यात वाफ झाली की पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. टाकीतील पातळी कमी दिसली की वरून ऑइल ओतणे ही गॅरेजमधील सर्वपरिचित कृती या धोक्यावर उपाय ठरत नाही. जुने द्रव काढून टाकणे आवश्यक असते. छापील तक्ता ते बदलण्याची मुदत देतो, परंतु कारण बहुधा देत नाही. उस्ताद कारणही सांगत नाही आणि मुदतही. परिणामी दोन्ही परंपरा एकाच ठिकाणी अपुऱ्या पडतात.

पाटे वाढविण्याची प्रथाही अशीच. मागील पाट्यांत एकदोन पाने वाढविली की गाडी बसत नाही आणि जादा माल वाहता येतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. तपशील-तक्त्यात गाडीचे एकूण भारित वजन दिलेले असते. तो आकडा केवळ पाट्यांचा नसून ब्रेक, अॅक्सल, चासी, टायर व क्लच या सर्वांनी मिळून मान्य केलेला करार असतो. पाटे वाढले तरी ब्रेकचे ड्रम तेवढेच राहतात. तक्ता हे सांगतो, पण एका आकड्यात सांगतो. त्या आकड्यामागील वाक्य वाचकाला स्वतः रचावे लागते. भातखाचरातील पाण्यातून गेल्यानंतर मागील अॅक्सलचे ऑइल तपासावे, ते दुधट दिसल्यास बदलावे, ही सूचना इगतपुरी तालुक्यासाठी पहिल्या पानावर हवी. सर्वसाधारण पुस्तिकेत अशा सूचनेची जागा ‘प्रतिकूल परिस्थिती’ या मथळ्याखाली, शेवटाकडे असते. ज्यांच्यासाठी प्रतिकूल परिस्थिती हीच नित्याची परिस्थिती आहे, त्यांच्यासाठी पुस्तिकेचा क्रमच उलटा ठरतो.

६. पुस्तिका कोणाची?

संहितेची चिकित्सा तिच्या उपलब्धतेच्या प्रश्नापाशी येऊन थांबते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात चौदा मोटार-उत्पादक कंपन्यांना सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदान-साधने आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने न मिळणे हा त्या प्रकरणाचा गाभा होता. आदेशाला पुढे अपिलांत व उच्च न्यायालयात आव्हाने दिली गेली. तरी दुरुस्ती-पुस्तिका ही केवळ कंपनीची अंतर्गत बाब नसून बाजारातील न्यायाचा विषय आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटार-वाहने व शेती-अवजारे यांचा समावेश होता.

हा हक्क कागदावर मिळाला तरी तो वाचता येईल अशा भाषेत मिळाला पाहिजे. इंग्रजी पुस्तिका खुली करणे ही पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत निदानाचे बरेचसे काम संगणकीय उपकरणाकडे गेले आहे. जुनी यांत्रिक गाडी ही त्या अर्थाने हाताने पूर्णपणे वाचता येणारी शेवटची पिढी होय. २०२१ च्या वाहन-मोडीत धोरणानंतर अशा गाडीचे आयुष्य तिच्या योग्यता-तपासणीवर अधिकच अवलंबून आहे. ती नीट राखली तर एका कुटुंबाचा व्यवसाय चालू राहतो. नीट राखता येत नसेल तर ती रस्त्यावरून जाणेच हिताचे. या दोहोंतील फरक ओळखण्याचे साधन म्हणजे झिजेच्या मर्यादा सांगणारा तक्ता. म्हणून तो कारागिराच्या हाती असणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. दुरुस्ती-पुस्तिकेचे बलस्थान तिचा तपशील-तक्ता हे आहे आणि तिचा दुबळेपणा वाचकाच्या चुकीच्या कल्पनेत आहे. मराठी परिभाषेचा प्रश्न शब्दांच्या अभावाचा नसून निवडीचा आहे. संकल्पनेसाठी कोशाचा आणि कृतीसाठी गॅरेजचा शब्द घेणे हा व्यवहार्य मार्ग ठरेल. मौखिक परंपरा पुस्तिकेची पर्यायी नव्हे, पूरक आहे. तिने जपलेल्या कृतीला पुस्तिकेतील मर्यादा आणि कारण यांची जोड हवी.

आदर्श मराठी दुरुस्ती-पुस्तिकेत प्रत्येक आकड्यासोबत चार गोष्टी एकाच ओळीत असाव्यात : एकक, झिजेची मर्यादा, ती ओलांडल्यास काय बिघडते, आणि तपासण्याची सोपी रीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक या अभ्यासक्रमांचे शिक्षक, महाविद्यालयांतील मराठीचे अध्यापक आणि प्रत्यक्ष काम करणारे मेस्त्री यांनी एकत्र बसून असे लेखन करणे अशक्य नाही. एका जुन्या इंजिनापासून आणि ब्रेकच्या प्रकरणापासून सुरुवात करता येईल. अशा लेखनाचा कस पाहण्याची रीतही साधी आहे. कारागिराने पान वाचावे, काम करावे, आणि भरल्या हौद्याची गाडी घाट उतरून सुखरूप पायथ्याशी पोहोचावी.